निनावी टपालाचें शेवटचें दार

निनावी पत्राविषयीं आपल्या समाजांत फारसें चांगलें मत नाहीं, आणि तें सर्वस्वीं अकारण आहे असेंहि म्हणवत नाहीं. कचेरींत निनावी अर्ज आला कीं वरिष्ठ तो बाजूस सारतात. घरांत निनावी चिठ्ठी आली कीं तंटा माजतो. तथापि लिहिणाराचें नांव गुप्त राहिलें म्हणूनच खरी गोष्ट बाहेर पडली, असे प्रसंगहि इतिहासांत थोडे नाहींत. आज मला बोलावयाचें आहे तें मात्र पत्र लिहिणाराविषयीं नव्हे, तर तें पोंचविणाराविषयीं. लिहिणारा निनावी राहील, वाटेंतले हातहि निनावी राहतील. परंतु ज्या हातानें तें पत्र अखेरीस दारांत टाकलें, तो हात तर दिसणारच. त्या शेवटच्या माणसानें कोणाच्या ओट्यावर उभें राहावें, कोणाच्या संमतीनें, आणि कोणत्या कायद्याच्या छायेंत?

आजच्या काळीं हा प्रश्न इंटरनेटवरील ‘टॉर’ नांवाच्या निनावी जाळ्यापुढें उभा आहे. त्या जाळ्याचा जो शेवटचा नाका, ज्यास तंत्रज्ञ ‘एक्झिट रिले’ म्हणतात आणि ज्यास मी बहिर्द्वार म्हणणार आहें, तो चालविण्यास यजमान कोणता निवडावा, म्हणजे कोणत्या होस्टिंग कंपनीच्या यंत्रावर तो ठेवावा, हा तो प्रश्न. विषय नव्या यंत्रांचा खरा, पण त्यांतली अडचण जुनी आहे. आणि आमच्या परभणी जिल्ह्यास ती ओळखीची आहे, म्हणून आरंभ तेथूनच करतों.

निजामाच्या काळीं परभणी हैदराबाद संस्थानांत होती. आज स्वतंत्र जिल्हा असलेली हिंगोली १९९९ पर्यंत, आणि आज जालना जिल्ह्यांत असलेला परतूर तालुका १९८१ पर्यंत, परभणी जिल्ह्यांतच मोडत असे. म्हणजे जिल्ह्याची उत्तर सरहद्द थेट वऱ्हाडास भिडलेली. वऱ्हाड कागदोपत्रीं निजामाचें, कारभार मात्र इंग्रजांचा. त्यामुळें सरहद्दीच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा, अशी स्थिति. संस्थानाचें टपाल वेगळें, टपालाचीं तिकिटें वेगळीं, नाणेंहि वेगळें. जाहीर सभा भरवावयाची तर ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाप्रमाणें आगाऊ परवानगी हवी. अशा दिवसांत, १९३७ सालीं, परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. पुढच्याच वर्षीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याच्या आधींच बंदी आली. बंदीच्या राज्यांत बातमी छापावयाची कोठें, हा मग पुढचाच प्रश्न होता.

त्या प्रश्नास आ. कृ. वाघमारे यांनीं जें उत्तर दिलें तें मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासांत नमूद करण्यासारखें आहे. १९३८ सालीं त्यांनीं ‘मराठवाडा’ नांवाचें साप्ताहिक काढलें. पण तें मराठवाड्यांत नव्हे, पुण्यांत. वाचक निजामाच्या राज्यांत, मजकूर निजामाच्या राज्याविषयीं, आणि छापखाना इंग्रजी मुलखांत. संस्थान सरकारनें अंकास राज्यांत येण्याची बंदी केली, तेव्हां पत्र दुसऱ्या नांवानें निघालें. त्यावर बंदी आली, तेव्हां तिसऱ्या नांवानें. एकामागून एक नांवें पालटलीं, परंतु ठिकाण पुणेंच राहिलें.

येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, पुणें हें कांहीं कायद्याबाहेरचें बेट नव्हतें. १८६७ च्या छापखाने व पुस्तकें यांच्या कायद्यानें प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचें नांव व मुद्रणाचें स्थळ स्पष्ट छापणें बंधनकारक होतें. परभणीच्या बातमीदारानें आपलें नांव गुप्त ठेविलें तर चालत असे. पुण्याच्या मुद्रकाला तें करतां येत नव्हतें. दुसरी गोष्ट याहून कमी ठाऊक आहे. संस्थानिकांच्या कारभाराविषयीं अप्रीति पसरविणाऱ्या लिखाणास इंग्रजी मुलखांतहि आळा घालतां यावा, म्हणून १९३४ सालीं हिंदुस्थान सरकारनें संस्थान-संरक्षणाचा कायदा केला होता. म्हणजे निजामाचा शिपाई पुण्याच्या छापखान्यांत शिरूं शकत नव्हता, परंतु निजामाची तक्रार तेथवर पोंचूं शकत होती. सरहद्द ओलांडल्यानें माणूस तक्रारीपासून सुटत नाहीं. तक्रारीचा विचार करणारा अधिकारी तेवढा बदलतो. पुष्कळदां तेवढेंहि पुरतें.

याच्या अगदीं उलट मार्ग मुंबईनें १९४२ सालीं पाहिला. ऑगस्टच्या २७ तारखेस उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’चें ध्वनिक्षेपण ४२·३४ मीटर लांबीच्या लहरींवर सुरू केलें. उषाबाई तेव्हां अवघ्या बावीस वर्षांच्या. चौपाटीवरील एका इमारतींत आरंभ झाला. मग लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, महालक्ष्मी, गिरगांव, असें यंत्राचें बिऱ्हाड मुंबईभर फिरत राहिलें. लहरींचा माग काढणारी पोलिसांची यंत्रणा पाठीवर, म्हणून जागा बदलणें हाच बचाव. येथें छापील कागदासारखी मुद्रकाची ओळ नव्हती. क्षेपणस्थळ हिंदुस्थानांत कोठें तरी आहे, एवढेंच श्रोत्यांस सांगितलें जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं गिरगांवांत ध्वनिक्षेपण चालू असतांनाच छापा पडला आणि उषाबाईंस पुढें चार वर्षांची शिक्षा झाली. पोलिसांस ठाव लागला तो केवळ यंत्रांच्या साहाय्यानें नव्हे. यंत्र बांधून देणारा जाणकारच त्यांच्या हातीं लागला होता. अडीच-तीन महिने हें केंद्र चाललें हेंच आश्चर्य. त्या धाडसाचें मोल मी कमी करीत नाहीं. परंतु सतत बिऱ्हाड हलवून चालणारें काम फार दिवस टिकत नाहीं, आणि पुण्याच्या छापखान्याचें काम मात्र चालत राहिलें.

आतां आपल्या काळाकडे येऊं.

विजेच्या टपालाचें निनावीपण शास्त्रशुद्ध रीतीनें प्रथम मांडलें तें डेव्हिड चॉम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें, १९८१ सालीं. पत्रें अनेक हातांतून जावींत, आणि प्रत्येक हातानें त्यांचा क्रम व वेष्टन बदलावें, म्हणजे कोणतें पत्र कोणाचें हें बाहेरच्यास जुळवितां येणार नाहीं, अशी ती कल्पना. कल्पना उत्तम, पण पुढें जें लोकप्रिय झालें तें याहून पुष्कळच साधें होतें. १९९३ सालीं फिनलंडमध्यें योहान हेलसिंगियस या गृहस्थानें एक निनावी टपालघर उघडलें. आपण त्याला पत्र पाठवावें. त्यानें आपलें नांव काढून, एक क्रमांक घालून तें पुढें धाडावें. लाखों लोकांनीं त्याचा उपयोग केला. परंतु कोणता क्रमांक कोणाचा, याची यादी एकाच यंत्रांत, एकाच माणसाच्या ताब्यांत होती. १९९५ सालीं एका पंथाच्या तक्रारीवरून फिनिश पोलिसांनीं एका पत्रलेखकाचें नांव मागितलें, आणि तें द्यावें लागलें. पुढच्या वर्षीं हेलसिंगियस यांनीं तें टपालघरच बंद केलें. त्यांचा प्रामाणिकपणा वादातीत होता. पण ज्याच्यापाशीं यादी आहे त्याच्याकडून यादी मागतां येते. माणूस कितीहि चांगला असो.

तेव्हां यादीच कोणापाशीं नसावी, ही युक्ति हवी होती. ती अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधनशाळेंत १९९० नंतरच्या दशकांत पॉल सिव्हर्सन, मायकेल रीड व डेव्हिड गोल्डश्लाग यांनीं सिद्ध केली, आणि तिला कांद्याच्या पापुद्र्यांची उपमा देऊन नांव ठेविलें. नौदलास निनावीपण कशाला हवें, असें आपण विचाराल. परदेशांतून आपल्या मुख्य कचेरीशीं बोलणारा अधिकारी कोणाशीं बोलतो आहे, हें त्या परक्या देशास कळूं नये म्हणून. पण जें जाळें फक्त नौदल वापरतें, त्यांतून येणारें प्रत्येक पत्र नौदलाचेंच असणार! म्हणून तें सर्वांस खुलें करणें भाग होतें. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनीं सिव्हर्सन यांच्यासह रचलेलें टॉरचें जाळें २००२ च्या ऑक्टोबरांत चालू झालें. २००६ सालीं त्याची व्यवस्था पाहण्यास एक धर्मादाय स्वरूपाची संस्था स्थापन झाली. आज पत्रकार, वकील, आजारपणाची माहिती गुपचूप शोधणारा रुग्ण, छळणाऱ्या नवऱ्यापासून दूर गेलेली स्त्री, आणि होय, चोर-लबाडहि, हें जाळें वापरतात.

त्याची रीति थोडक्यांत अशी. आपलें पत्र एकांत एक अशा तीन पाकिटांत घातलेलें आहे असें समजा. पहिला नाका बाहेरचें पाकीट उघडतो. त्यास पाठविणारा ठाऊक, पण पत्र शेवटीं कोणाकडे जावयाचें तें ठाऊक नाहीं. मधल्यास फक्त दोन बाजूंचे नाके ठाऊक. तिसरा नाका आंतलें पाकीट उघडतो आणि पत्र त्याच्या मुक्कामीं, म्हणजे इंटरनेटवरील ज्या स्थळास आपणांस भेट द्यावयाची आहे तेथें, देतो. त्यास मुक्काम ठाऊक, पाठविणारा नाहीं. सारा संशय या तिसऱ्यावर येतो तो यामुळेंच. ज्या स्थळास पत्र पोंचलें तेथील वहींत पत्ता उठतो तो त्याचा. कोणी शिव्या दिल्या, कोणी दुसऱ्याच्या खात्यांत शिरूं पाहिलें, कोणी चोरून चित्रपट उतरविला, तर तक्रार येते ती या बहिर्द्वाराच्या पत्त्यावर. जगभर मिळून टॉरचे नाके कांहीं हजार आहेत. त्यांपैकीं बहिर्द्वार होण्यास तयार असणारे बरेच थोडे, याचें कारण हेंच.

ही कल्पनेंतली भीति नव्हे. मॉस्कोंतील दिमित्री बोगातोव्ह हे गणिताचे शिक्षक आपल्या घरच्या यंत्रावर असें बहिर्द्वार चालवीत असत. २०१७ च्या एप्रिलांत त्यांस अटक झाली, कारण कोणा दुसऱ्यानेंच लिहिलेला प्रक्षोभक मजकूर त्यांच्या पत्त्यावरून निघालेला दिसत होता. आधीं कोठडी, मग घरींच नजरकैद. आरोप मागें घेतले गेले ते २०१८ सालीं. ज्याचें घर तेंच बहिर्द्वार, त्याच्या घरांतील सारीं यंत्रें, मुलांच्या अभ्यासाचीं सुद्धां, पोलीस प्रथम उचलतात आणि खुलासा मागाहून ऐकतात. म्हणून टॉरच्या जाणकारांचा पहिला उपदेश असा कीं बहिर्द्वार घरीं चालवूं नये. तें भाड्याच्या यंत्रावर, होस्टिंग कंपनीच्या आवारांत ठेवावें. येथून यजमान निवडण्याचा प्रश्न सुरू होतो.

कंपनीची बाजूहि ऐकली पाहिजे. तिच्यापाशीं इंटरनेटचे हजारों पत्ते ओळीनें असतात आणि ती ते निरनिराळ्या गिऱ्हाइकांस भाड्यानें देते. एका पत्त्यावरून उपद्रव झाला असें जगास वाटलें, तर कित्येकदां त्याच्या शेजारचे निरपराध पत्तेहि काळ्या यादींत जातात. एखाद्या दुकानदाराचीं पत्रें मग पोंचेनाशीं होतात. तक्रारी येतात त्याहि बहुतेक यंत्रानेंच लिहिलेल्या, शेंकड्यांनीं. महिन्याला शेंदोनशें रुपये देणाऱ्या गिऱ्हाइकासाठीं एवढा कारकुनी व्याप कोण सोसणार? तेव्हां ती कंपनी यंत्र बंद करते आणि पैसे परत देते, किंवा देतहि नाहीं. तिला नांवें ठेवण्यापूर्वीं एवढें विचारावें कीं गिऱ्हाइकानें तिला आधीं कांहीं सांगितलें होतें काय?

या बाबतींत २०१० सालीं टॉरच्या माइक पेरी यांनीं बहिर्द्वारवाल्यांसाठीं जो उपदेश लिहून ठेविला, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांत लपण्याची युक्ति एकहि नाहीं. कंपनीस आगाऊ सांगा. यंत्राचा पत्ता वेगळा घ्या, त्यावर दुसरें कांहीं ठेवूं नका. त्या पत्त्याचें नांवच असें ठेवा कीं वाचणारास हें टॉरचें बहिर्द्वार आहे हें कळावें. कोणी कुतूहलानें त्या पत्त्यावर आला, तर त्यास एक पाटी दिसावी: हें काय आहे, येथून निघणारा मजकूर आमचा नव्हे, आणि आमच्याशीं पत्रव्यवहार कोठें करावा. शक्य तर पत्त्यांच्या जागतिक नोंदवहींत आपलें नांव घालून घ्या, म्हणजे तक्रार कंपनीकडे न जातां थेट तुमच्याकडे येईल. आणि तक्रार आली कीं उत्तर द्या. तत्परतेनें, सभ्यपणें, प्रत्येक वेळीं. शिवाय कोणत्या प्रकारची वाहतूक बाहेर जाऊं द्यावयाची हें ठरविण्याचा अधिकार बहिर्द्वारवाल्यास असतो. जाहिरातींच्या टपालाचा पूर येऊं नये म्हणून पत्रांची जी नेहमींची वाट आहे ती टॉरमध्यें मुळांतच बंद ठेविलेली आहे.

सर्वांचें नांव झांकणाऱ्या या जाळ्यांत शेवटच्या नाक्यास मात्र आपलें नांव दारावर लावून बसावें लागतें, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. १८६७ च्या कायद्याखालीं पुण्याचा मुद्रक ज्या अवस्थेंत होता तीच ही. फरक एवढाच कीं मुद्रकावर ती सक्ति होती, आणि येथें ती आपखुषीनें पत्करलेली आहे. बिननांवाच्या बहिर्द्वाराचें दुसरें एक भय आहे, तेंहि सांगितलें पाहिजे. शेवटचें पाकीट तोच उघडतो. आंतला मजकूर मूळ पाठविणारानें सांकेतिक केलेला नसेल तर तो त्यास वाचतां येतो. २००७ सालीं डॅन एगरस्टाड नांवाच्या एका स्वीडिश तरुणानें कांहीं बहिर्द्वारें चालवून, त्यांतून जाणारा उघडा मजकूर वाचून, वकिलाती व सरकारी कचेऱ्या यांच्या शंभर टपालखात्यांचे परवलीचे शब्द जाहीर केले. त्यांत आपल्या देशाच्या वकिलातीहि होत्या. आतां बहुतेक स्थळें मजकूर सांकेतिक करूनच देतात-घेतात, त्यामुळें तेवढा धोका कमी झाला. नाहींसा झाला नाहीं. २०२० च्या मे महिन्यांत एकाच अज्ञात इसमाच्या वा टोळीच्या ताब्यांत जाळ्याच्या एकूण बाहेर जाणाऱ्या वाहतुकीच्या क्षमतेपैकीं शेंकडा २३ हून अधिक भाग गेला होता, आणि त्याचा रोख लोकांच्या नाणेव्यवहारांवर होता. म्हणजे निनावीपण विकत घेऊन पन्नास यंत्रें भाड्यानें मांडणें लबाडास सोपें, आणि एक यंत्र उघडपणें चालविणें सज्जनास अवघड, असा हा व्यवहार आहे.

भाड्याच्या दराचाहि यांत मोठा हात आहे. बहिर्द्वारांतून रात्रंदिवस अफाट वाहतूक होते. जी कंपनी वाहतूक मोजून पैसे घेते तिच्याकडे हा खर्च परवडत नाहीं. जी ठराविक भाड्यांत हवी तेवढी वाहतूक देते तिच्याकडे सगळेच धांवतात. परिणामीं टॉरचे नाके जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स, अमेरिका अशा मोजक्या देशांत, आणि तेथेंहि हेट्झनर, ओव्हीएच यांसारख्या मोजक्या कंपन्यांकडे गोळा झाले आहेत. हें बरें नव्हे. पहिल्या नाक्यावर किती वाजतां काय शिरलें आणि शेवटच्या नाक्यावरून किती वाजतां काय निघालें, हीं दोन्ही टोंकें ज्यास एकदम दिसतात त्यास पाकिटें न फोडतां पाठविणारा ओळखतां येतो. ही उणीव टॉरच्या कर्त्यांनीं २००४ च्या आपल्या निबंधांतच कबूल केलेली आहे. म्हणून टॉरची यंत्रणा एका मार्गांत शेजारशेजारच्या पत्त्यांचे दोन नाके घेत नाहीं. पण साऱ्यांचें बिऱ्हाड एकाच वाड्यांत असेल, तर खोल्यांचे क्रमांक वेगळे असून काय उपयोग? नवा बहिर्द्वारवाला जर स्वस्ताई सोडून, जेथें कोणी गेलेलें नाहीं असा यजमान शोधील, तर त्याच्या एका यंत्राचें मोल दहांएवढें ठरेल.

अशा यजमानाचें एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. अमेरिकेच्या न्यू हँपशायर राज्यांत लेबनॉन नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील किल्टन सार्वजनिक ग्रंथालयानें २०१५ च्या उन्हाळ्यांत टॉरचा एक नाका आपल्या यंत्रावर ठेविला. प्रथम मधला, पुढें बहिर्द्वार करावें या इराद्यानें. केंद्रीय गृहसुरक्षा खात्याच्या एका अधिकाऱ्यानें स्थानिक पोलिसांस कळविलें, पोलिसांनीं ग्रंथालयास सावध केलें, आणि ग्रंथालयानें नाका तूर्त बंद केला. मग १५ सप्टेंबर रोजीं विश्वस्तांची सभा भरली. गांवकरी आले, बोलले. आणि विश्वस्तांनीं नाका पुन्हां सुरू करण्याचें ठरविलें. भीति दाखविली गेली नाहीं असें नाहीं. पण ज्याच्या ओट्यावर दिवा ठेविला तो घरमालकच जागा होता, त्यास कशासाठीं ठेविला हें ठाऊक होतें, म्हणून तो विझला नाहीं. याउलट जर्मनींत २०१८ च्या जूनमध्यें ‘त्स्वीबेलफ्रॉयंडे’ या टॉरच्या नाक्यांस पाठबळ देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या घरांवर पोलिसांनीं छापे घातले; आणि तपास तर तिसऱ्याच कोणाचा होता. संस्था नोंदविली म्हणजे छापा टळतोच असें नाहीं. मात्र पाठीशीं वकील, हिशेबाच्या वह्या आणि चार सहकारी असतात; एकट्या शिक्षकापाशीं ते नसतात.

आपल्याकडील कायदा काय म्हणतो? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमानें दुसऱ्याचा मजकूर केवळ वाहून नेणाऱ्या मध्यस्थास संरक्षण दिलें आहे: त्यानें तो मजकूर सुरू केलेला नसावा, घेणारा निवडलेला नसावा, आंत फेरफार केलेला नसावा, आणि योग्य ती काळजी घेतलेली असावी. बहिर्द्वाराचें वर्णन याहून चांगलें कोणी करूं शकणार नाहीं असें मला वाटतें. परंतु कलम न्यायालयांत वाचावयाचें असतें, आणि यंत्र त्यापूर्वींच जप्त झालेलें असतें. दुसरा हुकूम आहे २८ एप्रिल २०२२ चा, ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेचा. होस्टिंगवाल्या कंपन्यांनीं व खाजगी मार्ग पुरविणाऱ्या ‘व्हीपीएन’ कंपन्यांनीं प्रत्येक गिऱ्हाइकाचें पडताळलेलें नांव, पत्ता, त्यास दिलेले इंटरनेटचे पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतु पांच वर्षें जपून ठेवावा, आणि यंत्रांच्या नोंदवह्या १८० दिवस ठेवाव्या, असें त्यानें फर्माविलें. त्या वर्षीं एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क या कंपन्यांनीं आपलीं यंत्रें हिंदुस्थानांतून हलविलीं. त्यांचा धंदाच नांवें न ठेवण्याचा होता.

बहिर्द्वारवाल्यास या हुकुमानें किती अडचण होते, हें जरा बारकाईनें पाहिलें पाहिजे. त्याचें नांव कंपनीपाशीं राहील, पांच वर्षें राहील. पण तें तर त्यानें पाटीवर स्वतःच लिहावयाचें होतें! त्या भागाची भीति व्यर्थ आहे. खरा प्रश्न नोंदवह्यांचा. त्याच्या यंत्रांतून कोणत्या क्षणीं काय गेलें, याची नोंद जर यजमान कंपनी ठेवूं लागली, तर वर सांगितलेल्या दोन टोंकांपैकीं एक टोंक तिच्या हातीं आलें. म्हणून मुंबईंत वा नव्या मुंबईंत यंत्र घेणाऱ्यानें प्रथम कंपनीस विचारावयाचें तें हें कीं तुम्ही वाहतुकीच्या नोंदी कोणत्या व किती ठेवतां. आणि उत्तर लेखी घ्यावयाचें. परदेशांत यंत्र घेतलें तर तेथील नोंदींचा नियम कदाचित् सौम्य असेल. पण चालविणारा माणूस परभणीस, यंत्र तिसऱ्या देशांत, तक्रारदार चौथ्या देशांत, अशी अवस्था होते, आणि उत्तर द्यावयास वकील कोणत्या गांवचा आणावा हा पेंच पडतो. पुण्याच्या छापखान्याचें बरें होतें. छापखाना जेथें, तेथेंच संपादक.

माझें स्वतःचें मत विचाराल तर परभणींतील एकट्या कुटुंबानें बहिर्द्वार चालवूं नये. घरच्या जोडणीवर तर मुळींच नव्हे. एखादें महाविद्यालय, एखादें जुनें ग्रंथालय, वकील-प्राध्यापकांची नोंदणीकृत सभा, यांनीं कार्यकारी मंडळाचा ठराव करून, यजमान कंपनीस पत्र पाठवून, तक्रारींस उत्तर देणारा एक चिटणीस नेमून तें करावें. आणि ठराव होत नसेल तर करूं नये. ज्या कंपनीचें उत्तर ‘चालेल, पण आम्हांस सांगूं नका’ असें असेल, तिच्याकडे जाऊं नये. पहिल्या तक्रारीसरशीं ती यंत्र बंद करील. ‘वर्षाला किती तक्रारी येतील, उत्तर कोण देईल, कोणती वाहतूक बंद ठेवाल’ असें जी उलट विचारील, तिचें भाडें थोडें जास्त असलें तरी तीच घ्यावी.

घरबसल्या कांहीं करावयाचें असेल तर त्यासहि वाट आहे. मधला नाका चालवितां येतो. त्याचा पत्ता परक्या स्थळाच्या वहींत उठत नाहीं. आणि २०२१ पासून टॉरच्या न्याहाळकांत ‘स्नोफ्लेक’ नांवाची जी सोय आली आहे, तिच्यासाठीं तर वेगळें यंत्रहि नको. ज्या देशांत टॉरची वाटच अडविलेली आहे, तेथील कोणा अनोळखी माणसास आपल्या घरच्या संगणकावरून पहिल्या पायरीपर्यंत पोंचविणें एवढेंच तिचें काम. पुढचीं दारें दुसऱ्यांचीं. न्याहाळकास ती जोडून ठेवली कीं न्याहाळक उघडा असेतों ती चालते. मागच्या चोवीस तासांत किती जणांस वाट दिली, तो आंकडा तेवढा ती दाखविते.